सोड ती लाइन

दार आपटलं तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं चौकटीतच होती. आपटणाऱ्याला ती दिसली होती. त्याने दार पुन्हा उघडलं, बोटं अजून तिथेच आहेत हे नीट पाहिलं आणि दुसऱ्यांदा आपटलं.

"आता लाव फोन," तो म्हणाला. "ज्याला लावायचा त्याला लाव."

ती ओरडली नाही. ओरडलं की त्याला चेव येतो, हे ती अकरा वर्षांत शिकली होती. तिने हात नळाखाली धरला. मधल्या दोन बोटांची नखं बघता बघता काळी पडली. सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. त्यांची सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

"त्याच्या तोंडी लागू नकोस म्हणून कितीदा सांगितलं," त्या मान वर न करता म्हणाल्या.

ती तोंडी लागली नव्हती. सबस्टेशनवरच्या दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरचा आदल्या दिवशी फोन आला होता. उद्या दहा मिनिटं उशीर होईल, सांभाळून घ्या, एवढंच तो म्हणाला होता. ठेवताना ती हसली होती. नवऱ्याने तिच्या फोनमध्ये असं काहीतरी बसवून घेतलं होतं की प्रत्येक बोलणं आपोआप साठून राहायचं. रोज सकाळी चहाबरोबर तो ते ऐकत बसे. ते हसणं त्याने तीनदा ऐकलं आणि मग उठला.

दोघंही वीज कंपनीतच होती. तो वायरमन, ती सबस्टेशनवर ऑपरेटर. त्यामुळे त्या घरात एक इंग्रजी शब्द मिठासारखा वापरला जाई. वीज गेली की लाइन गेली, आली की लाइन आली. फोन लागला नाही की लाइन बिझी. रेशनसाठी उभं राहायचं तेही लाइनमध्ये, आणि पाहुण्यांचा मुलगा काय करतो हे विचारायचं झालं तरी, 'तो कुठल्या लाइनला आहे?' सासूबाईंना सही करण्यापुरतंच लिहिता येई, पण हा शब्द त्याही दिवसाला पन्नासदा वापरत. नवऱ्याचा आवडता अर्थ मात्र वेगळा. स्टोअरचा कारकून, दात काढणारा डॉक्टर, काठी टेकत पेन्शनला येणारा म्हातारा शिपाई, सगळे त्याच्या बायकोवर लाइन मारत होते. त्याच्या जोडीदारांत यावर विनोद होत. "तुझ्या घरात दोन लाइनी," ते म्हणत, "एक गार, एक गरम. हात लावताना बघून लाव." तो मोठ्याने हसे. घरी आला की हसत नसे.

बोटांना फडकं गुंडाळून ती कामावर गेली. सकाळची नोंदवही तिने डाव्या हाताने भरली. अक्षर पहिलीतल्या पोराचं निघालं.

अकराच्या सुमाराला गावाबाहेरच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून तिकडे वीज नेणाऱ्या तारांवर, काम निघालं. एक इन्सुलेटर फुटला होता आणि तो बदलायला नेमका नवराच गेला. नियम साधा होता. खांबावर चढण्याआधी वायरमनने फोन करून परमिट मागायचं, ऑपरेटरने ब्रेकर बंद करून वीज तोडायची, त्याला नंबर द्यायचा आणि ब्रेकरच्या हँडलला पाटी अडकवायची: माणसे काम करत आहेत. काम उरकलं की वायरमनने खाली उतरून तोच नंबर परत सांगायचा. त्यानंतरच लाइन सोडायची, म्हणजे वीज पुन्हा चालू करायची. शिवाय खांबावर तारांना अर्थिंगची साखळी लावायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जाईल. नवरा साखळी लावत नसे. ते भित्र्यांचं काम आहे, असं त्याचं मत होतं.

तिने ब्रेकर बंद केला, नंबर दिला, पाटी अडकवली. दोघांच्या बोलण्यात नंबराखेरीज एक शब्द नव्हता.

पाऊण तासाने टेबलावरचा फोन वाजला. डिव्हिजन ऑफिसचे साहेब सकाळचे आकडे मागत होते. रिसीव्हर उजव्या खांद्याने कानाशी दाबून ती वाचून दाखवत असताना तिचा मोबाइल वाजू लागला. थांबला. पुन्हा वाजला. चौथ्यांदा तिने तो डाव्या कानाला लावला.

"कोणाशी बोलतेयस?"

"डिव्हिजनचे साहेब आहेत. आकडे..."

"पुरुषाचा आवाज येतोय मला. हसतोय तो."

"नाही हो. ते..."

"सोड ती लाइन!"

खांबावरचा वारा तिला फोनमध्ये ऐकू येत होता. तो अजून वरच होता. पट्ट्याची कडी लोखंडावर घासत होती. उजव्या कानाला साहेब म्हणत होते, "बाई, पुढचा आकडा?"

तिने हँडलवरच्या पाटीकडे पाहिलं. मग रोज नोंदवहीतले आकडे सांगताना काढायची त्या सपाट आवाजात तिने विचारलं, "लाइन सोडू का?"

"सोड म्हणतो ना! बहिरी झालीस? आत्ताच्या आत्ता सोड! घरी ये, मग दाखवतो तुला."

मोबाइलमध्ये खरखर झाली. त्याने तो बंद न करताच खिशात टाकला असावा.

"साहेब, ठेवते," ती म्हणाली आणि टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवला.

खोलीत पंखा फिरत होता. चालू मोबाइल तिने नोंदवहीवर उताणा ठेवला. उठली. पॅनेलपाशी जाऊन हँडलवरची पाटी काढली, ती टेबलावर पालथी घातली. उजव्या हाताने हँडल फिरवायला गेली तर बोटं मिटेनात. तेव्हा तिने डाव्याने फिरवलं.

लाल दिवा लागला. मीटरचा काटा एकदम उसळला आणि पलीकडच्या टोकाला आपटला. मागे ब्रेकर आपोआप धाडकन बंद पडला, दिवा पुन्हा हिरवा झाला. मोबाइलमधून एक आवाज आला. माणसाच्या तोंडून तसा आवाज येऊ शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. त्यानंतर बराच वेळ नुसता वारा.

अर्ध्या तासात माणसं आली. पुढे दीर होता. त्याने आधी दाराची काच फोडली, मग तिचे केस धरले.

"माझ्या भावाला जाळलंस! कोळसा केलास त्याचा!"

तिचं कपाळ पॅनेलच्या कडेवर आदळलं. कुणीतरी टेबल उलटं केलं. कुणीतरी पोटात लाथ घातली. दिराच्या हातात खांबावर चढायचा कातडी पट्टा होता आणि त्याची पितळी कडी तिच्या पाठीवर, मानेवर, कानावर उतरत होती. ती टेबलाच्या आडोशाला अंगाचं मुटकुळं करून पडली. डोकं कसं वाचवायचं याची तिला सवय होती.

"अरे, थांबा!" एक म्हातारा लाइनमन ओरडला. "तिच्या फोनमध्ये सगळं साठतं. तोच सांगायचा ना आपल्याला? आधी ऐका, मग मारा."

फोन कोपऱ्यात सापडला. सगळे घाम पुसत भोवती उभे राहिले. 'लाइन सोडू का?' तिचा आवाज आला. 'सोड म्हणतो ना!' त्याचा आवाज आला. 'आत्ताच्या आत्ता सोड!'

म्हाताऱ्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. रोज तारांवर हात ठेवणारी माणसं होती ती; लाइन सोड या शब्दांचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. दिराच्या हातातला पट्टा हळूहळू खाली आला.

"त्यानेच सांगितलंय रे," म्हातारा म्हणाला. "वर असताना सांगितलंय."

ती जमिनीवरून बघत होती. ओठ फाटला होता.

नवरा वाचला. दोन्ही हात मात्र खांद्यापासून काढावे लागले.

चौथ्या दिवशी कंपनीचे चौकशी अधिकारी आले. किरकोळ अंगाचे, सौम्य बोलणारे. त्यांचा अहवाल गेल्यावरच पोलीस पुढचं ठरवणार होते. त्यांनी ते बोलणं सहा वेळा ऐकलं.

"बाई, एका वेळी दोन लाइनी चालू होत्या," ते म्हणाले. "एक फोनची, एक विजेची. तुम्ही कुठली समजलात?"

"आम्ही फीडरलाच लाइन म्हणतो."

"आणि फोनला?"

"त्यालाही म्हणतो."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "या शब्दाला काही धरबंध आहे की नाही? नंबर का नाही मागितला परत?"

"त्यांना दोनदा विचारलेलं आवडत नाही."

साहेबांनी तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहिलं, मग हाताच्या फडक्याकडे. टाके दिराच्या दिवसाचे होते. फडकं कुठल्या दिवसाचं, हे त्यांनी विचारलं नाही. कारकुनाने लिहिलं: 'पतीने लाइन सोडण्यास सांगितले. मी "लाइन सोडू का" असे विचारून खात्री केली. त्यानंतर हँडल फिरवले.' त्याने ते वाचून दाखवलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

दोन आठवड्यांनी साहेब आणि कारकून नवऱ्याचा जबाब घ्यायला इस्पितळात आले. सासूबाई पायाशी बसल्या होत्या, ती उशाशी. साहेबांनी त्याला बोलणं ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकताना तो छताकडे बघत होता.

"लाइन म्हणजे कुठली?" साहेबांनी विचारलं. "तिच्या हातातला फोन, की फीडर?"

तिने चादरीची कड मुठीत धरली.

"फीडर," तो म्हणाला. "काम उरकलं होतं. मी उतरतच होतो. नंबर द्यायचा राहिला, साखळी लावली नव्हती. चूक माझी."

"नक्की?"

"तिचा काही दोष नाही, साहेब."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "बघा हो," त्या हुंदक्यातून म्हणाल्या, "एवढं होऊनही बायकोला पाठीशी घातलं माझ्या लेकराने."

साहेब तिला म्हणाले, "तुमच्या जबाबाची पक्की प्रत आणली आहे. सही खालीच घेऊ. गाडी यायला वेळ आहे." ते गेले.

"आई, पाणी आण," नवरा म्हणाला. "गार आण."

सासूबाई तांब्या घेऊन बाहेर पडल्या. तो तिच्याकडे वळला. हात नसल्यामुळे वळायलाही त्याला पाय आणि मान दोन्ही लावावी लागली.

"टक् असा आवाज आला होता," तो म्हणाला.

"कसला?"

"रिसीव्हर ठेवल्याचा. फोन खिशातच होता माझ्या, चालू. तू टेबलावरचा फोन ठेवलास. म्हणजे मी काय म्हणालो ते तुला बरोबर कळलं होतं." तो थांबला. "आणि मग किती वेळ गेला. मी वर मोजत होतो, आता ही रडेल, आता माफी मागेल."

तिने नजर वळवली नाही.

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

तो हसला. भाजलेल्या गालावर हसू नीट बसेना. "तू आत गेलीस तर मला भरवणार कोण? धुणार कोण? आता येशील तू लाइनवर. नोकरी सोडायची. दाराबाहेर पाय टाकायचा नाही. जरा इकडेतिकडे झालीस की साहेबांना बोलावून घेईन. म्हणेन, आता आठवलं." त्याने हनुवटी हलवली. "तोंड पूस."

तिने टॉवेल घेतला आणि वाकली. हात ओठांपाशी येताच त्याने मान झटकली आणि तिचं मनगट दातांत धरलं. धरलं आणि आवळत गेला. जबड्याच्या शिरा तटतटल्या, डोळे तिच्या डोळ्यांवर रोखलेले. टॉवेलवर लाल ठिपका उमटला, पसरला. बाहेर सासूबाईंच्या चपला वाजल्या तेव्हा त्याने सावकाश तोंड उघडलं.

तिने मनगटाभोवती टॉवेल गुंडाळला.

"तू पड आता," ती म्हणाली.

अकरा वर्षांत तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. तो काही म्हणायच्या आत ती दारातून बाहेर पडली होती. तांब्या घेऊन येणाऱ्या सासूबाईंना तिने वाट करून दिली.

खाली फाटकाशी बाकावर साहेब पेपर चाळत होते. कारकुनाने तिला पाहून फाइल उघडली, पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि पेन पुढे केलं.

"इथे सही. झालं, सुटलात."

तिने पेन घेतलं नाही. पान वरून खालपर्यंत वाचलं.

"यात एक ओळ राहिली आहे," ती म्हणाली.

साहेबांनी पेपर खाली केला. त्यांची नजर टॉवेलवर गेली, तिथेच थांबली. "बाई, तुमच्या मिस्टरांनी आत्ताच सगळं स्वतःवर घेतलंय. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी नुसती मान हलवली. कारकुनाने पेनाचं टोपण काढलं आणि पानाखालच्या कोऱ्या जागेकडे हात नेला.

"तिथे नको," ती म्हणाली. "'विचारून खात्री केली' आणि 'हँडल फिरवले', या दोन्हींच्या मधे लिहा. मी सांगते."