जरा ॲडजस्ट

मष्णूनं पिरनवाडीच्या स्टॉपवर मोटरसायकल थांबवली आणि स्वतः पार टाकीवर सरकला.

"बसा अण्णा. सौरव, तू मागं. जरा ॲडजस्ट कर रं."

मधे गोपाळअण्णा, मागं त्यांचा मुलगा सौरव. मच्छे गावाहून येणारा, त्यांच्याच हाताखाली काम करणारा मष्णू गोपाळअण्णांना रोज असाच उद्यमबागेत कारखान्यावर न्यायचा. पेट्रोलचं नाव काढलं तर रागवायचा. सौरव आयटीआय करून नुकताच तिथं कामाला लागला होता, तेव्हापासून तिघंही अंग चोरून बसत.

तसं बघायला गेलं तर ह्या एका इंग्रजी शब्दावर अख्खी उद्यमबाग चालते. बसमध्ये दोघांच्या सीटवर तिसरा टेकवायचा, तर ॲडजस्ट. रविवारी कामाला बोलावून सुट्टी पुढं कधीतरी द्यायची, तेही ॲडजस्ट. लेकीला सासरी जाच झाला की आई फोनवर तेच सांगते. मराठी असो की कानडी, शब्द सगळ्यांना कळतो, आणि मेला करावा मात्र नेहमी खालच्यालाच लागतो!

गोपाळअण्णा प्रेस शॉपचे सुपरवायझर. तिथल्या पत्रा कापायच्या जुन्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, म्हणजे हात बाहेर राहणार. पण त्यात वेळ जातो. म्हणून एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवायचं, एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं उरलेलं बटण मारायचं. माल झपाट्यानं निघतो. ह्यालाही शॉपमध्ये ॲडजस्टच म्हणत. गेल्या महिन्यात त्यात रवळूची बोटं गेली, तेव्हा कुठं पट्टी निघाली. आज कामवाटपाच्या फळ्यावर त्या प्रेसपुढं नाव होतं सौरवचं.

जेवणाच्या सुट्टीआधी मालकांनी गोपाळअण्णांना केबिनमध्ये बोलावलं.

"माल आज संध्याकाळी जायला पाहिजे, गोपाळ."

"जुन्या प्रेसवर एवढं होणार न्हाय, साहेब."

"पहिलं होत होतं की." मालकांनी मोबाईलमधून मानही वर केली नाही. "स्वल्प ॲडजस्ट माडी." कानडीतलं तेच, जरा ॲडजस्ट करा.

रवळूचं नाव गोपाळअण्णांच्या ओठावर आलं होतं. पण सौरव अजून कायम व्हायचा होता, आणि त्याची नोकरी त्यांनी ह्याच केबिनमध्ये हात जोडून मिळवली होती. "व्हय साहेब," म्हणून ते बाहेर आले.

तोवर जेवणाची सुट्टी होऊन शॉप रिकामं झालं होतं. त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, एका बटणावर बसवला, अंगठ्यानं घट्ट दाबला. मग फळ्यापाशी गेले, सौरवचं नाव तळहातानं पुसलं आणि तिथं मष्णूचं लिहिलं.

सुट्टी संपताच सौरव तावातावानं आला.

"पप्पा, मला पॅकिंगला का टाकलासा? मशीन शिकायला आलोय मी."

"जा म्हटलं की जायाचं."

"पण—"

"जा म्हणतोय न्हवं!"

पोरगं पॅकिंगकडं निघून गेलं. गोपाळअण्णांचा जीव भांड्यात पडला. लाजही वाटली; पण पोराच्या हातांपुढं लाज घेऊन काय चाटायचीय?

मष्णू तोंड पुसत आला. त्यानं फळा वाचला, मग प्रेसवरची पट्टी बघितली.

"आजच्यापुरतं जरा ॲडजस्ट कर रं," गोपाळअण्णा भिंतीकडं बघत म्हणाले.

"सकाळी हितं सौरवचं नाव हुतं न्हवं?"

"व्हय."

आता हा शिव्या घालणार, असं त्यांना वाटलं. घालाव्यात, असंही वाटलं.

"बरं केलासा, अण्णा." मष्णूनं स्टूल पुढं ओढलं. "नवीन हाय पोरगं. घाबरलं असतं."

तो अगदी मनापासून बोलत होता, आणि तेच गोपाळअण्णांना सोसेना. मष्णूनं डाव्या हातानं पहिला पत्रा आत सरकवला, उजव्यानं बटण मारलं. ठोकळा खाली आला, वर गेला. पुन्हा हात आत गेला. गोपाळअण्णांचा पाय तिथून निघेना, आणि थांब म्हणायला तोंड उघडेना.

"तुमी जावा की, अण्णा," मष्णू मशीनच्या आवाजावरून ओरडला. "तुमी हितं हुबं राहिलासा की माझं ध्यान जातंय."

गोपाळअण्णा गेले.