कोरडा द्रव

तपासणीला सरांनी नेमकं मलाच नेमलं.

"तू तिची नणंद. तिला पाठीशी घालशील असं कुणालाच वाटणार नाही," ते म्हणाले. सर सहसा विनोद करत नाहीत. केला तर असा.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करतो, टेबलं शेजारशेजारची. तिने धातूच्या फ्लोराइडचे नॅनोकण बनवले होते. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेसर मारला की ते हिरवेगार चमकायचे. लेख छापून आला, कौतुक झालं आणि मग दोन प्रयोगशाळांनी कळवलं की आमच्याकडे काहीच चमकत नाही. आज माझ्या हातूनही चमकले नाहीत, तर सर लेख मागे घेणार होते. लेख गेला की वहिनीची पीएचडीही गेलीच.

कृती तशी सोपी. आयनिक द्रव म्हणजे न तापवताच पातळ राहणारं मीठ, काकवीसारखं दाट. आमच्या द्रवात फ्लोरिन असतं. धातूचा क्षार घालून मायक्रोवेव्हमध्ये तापवलं की ते सुटतं आणि धातूला धरतं. द्रव हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून तो आधी व्हॅक्यूम पंपावर नीट सुकवायचा, असं लेखात स्पष्ट छापलं होतं. सुकवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. माझ्या बाटलीत पाण्याचा थेंब सापडला तर नाव बदलीन.

अंधार केला, चष्मे चढवले, लेसर लावला. कुपी काळीच. पुन्हा केलं, पुन्हा काळी. सरांनी वहीत दोन फुल्या मारल्या.

ते फोन घ्यायला बाहेर गेले तशी मी वहिनीला गाठलं.

"खरं सांग. खोटे निकाल बनवलेस का?"

"नाही गं! शपथ."

"मग तू वेगळं काय करतेस?"

ती हातमोजे ओढत राहिली. "मी सुकवत नाही."

"काय?"

"पंप लावला की त्याच्यापाशी बसावं लागतं. संध्याकाळी सांभाळणारी बाई गेली की आईंजवळ कुणी नसतं. म्हणून बाटली उघडायची, घालायचं आणि पळायचं."

"आणि लेखात?"

"सगळे लिहितात तसं लिहिलं."

मी इतकी भडकले की कुपी हातातून सुटणार होती. आणि तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. पाणी! थोडं पाणी असेल तरच त्या द्रवातलं फ्लोरिन सुटं होतं. आम्ही शहाण्यांनी नेमकं तेच काढून टाकलं होतं.

सर परतले तेव्हा मी न सुकवलेला द्रव तापवत होते. वहिनी सुकवतच नाही, एवढंच त्यांना सांगितलं. अंधार केला. लेसर लावला. कुपी हिरवी झाली, अशी लख्ख की मला रडू आलं.

"म्हणजे कण खरे, कृती खोटी," सर म्हणाले. "दुरुस्ती छापता येईल. पण खोटं लिहिणाऱ्याबरोबर मी माझं नाव घालत नाही. का केलंस?"

"आळस केला, सर," वहिनी म्हणाली.

या बाईला झालंय काय! मला इतकी लाज वाटली की तोंड आपोआप उघडलं.

"आळस नाही, सर. घरी आई अंथरुणाला खिळलीय. तिला भरवायचं, कूस बदलायची, सगळं ही करते."

"कुणाची आई?"

वहिनीने कुप्या आवरायला घेतल्या.

"माझी," मी म्हटलं. "मी इथे पंपापाशी बसलेली असते."

सरांनी दिवा लावला.

"मग आज तू घरी जा. तिला बसून दुरुस्ती लिहायची आहे."

मी पिशवी उचलली आणि दारापर्यंत जाऊन परत आले. संध्याकाळी आईला कोणत्या कुशीवर वळवायचं, हे मला वहिनीलाच विचारावं लागलं.