पलीकडची रात्र

साऱ्या जगाला खड्ड्यांचा वैताग, आणि आमची ताई पगार घेऊन खड्डा शोधते, असं माझी धाकटी बहीण येईल-जाईल त्याला सांगते आणि स्वतःच खो खो हसते. हसू दे. खड्डा म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. लांबच्या एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असला, तर तो ताऱ्याच्या झगमगाटात हरवतो, दिसत नाही. पण फिरता फिरता तो बरोबर आपल्या आणि ताऱ्याच्या मधे आला, की ताऱ्याचा उजेड थोडासा कमी होतो, रुपयात पैसाभर. रात्रभर मोजलेल्या उजेडाची रेघ काढली की तिथे खड्डा पडतो. तेवढ्यावरून ओळखायचं, मधून कोणीतरी गेलं.

आमच्या ताऱ्याला असा खड्डा अकरा वर्षांनी एकदा पडतो, हे थोरल्या बाईंचं म्हणणं. थोरल्या बाई म्हणजे आमच्या वेधशाळेच्या प्रमुख. पहिला खड्डा त्यांनी पाहिला तेव्हा त्या नुकत्या नोकरीला लागल्या होत्या आणि त्यांना कुणी हिंग लावूनही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी सुरुवात दिसली आणि ढग आले. दुसऱ्या एका वेधशाळेने ‘आमच्याकडे आकाश मोकळं आहे, पुढचं आम्ही घेऊ का’ असा निरोप धाडला होता. तो दोन दिवस कुणी उघडलाच नाही. आमच्या धंद्यात तीनदा धडपणे दिसल्याशिवाय ग्रह म्हणत नाहीत. तिसरी वेळ या हिवाळ्यात होती. नेमका दिवस माहीत नव्हता. आणि ही हुकली तर पुढची येईपर्यंत बाई निवृत्त होऊन नातवंडांच्या वयाच्या पोरांना विचारत बसणार, काय रे, दिसला का माझा ग्रह?

हा खड्डा एका रात्रीत मावत नाही, दिवसाहून लांब असतो. म्हणून बाईंनी पृथ्वीच्या पार पलीकडच्या एका छोट्या वेधशाळेशी जोडी जमवली. आमच्याकडे उजाडलं की तिकडे मावळतं. मी थांबले की तिकडचा माणूस सुरू करणार, तो थांबला की मी. तो न उघडलेला निरोप बाईंच्या डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे त्यांनी दंडकच घातला होता. फोटो यंत्रं परस्पर पाठवतीलच, पण रोज दोनदा, उजाडताना आणि मावळताना, माणसाने माणसाला फोनवर तोंडाने सांगायचं. खड्डा की सपाट.

तर हा तिकडचा माणूस, त्याला मी पलीकडचा म्हणते. गेल्या हिवाळ्यात आमची तालीम झाली, या हिवाळ्यात खरं काम. पहिले पंधरा दिवस ‘सपाट’, ‘बरं’, ‘ठेवते’ एवढंच. मी तशी तोंडाळ आहे, पण अनोळखी माणसापुढे माझी वाचा बसते. मग एका संध्याकाळी त्याच्या खोलीतला हीटर बिघडला आणि तो दात वाजवत ‘स-स-सपाट’ म्हणाला. मला हसू आवरेना. तो रागावून गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. माझ्या घरच्यांना सांगून बघा, मी माफी मागितली म्हणून, कुणाचा विश्वास बसायचा नाही.

त्यानंतर बोलणं वाढलं. त्याच्या खिडकीची काच तडकलीय आणि तिला त्याने चिकटपट्टी लावलीय, हे मला माहीत. तो चहात साखर घालून ढवळायचं विसरतो आणि शेवटचा घोट गोडमिट्ट लागला की स्वतःलाच शिव्या घालतो, हेही माहीत. आई गेल्यापासून तो एकटा राहतो. माझं लग्न ठरून कसं मोडलं, ते मी त्याला एका सकाळी सांगून टाकलं. बहिणीलाही मी ते कधी धड सांगितलं नव्हतं. त्याने ‘अरेरे’ केलं नाही. म्हणाला, “बरं झालं मला सांगितलंत.” त्याचा चेहरा मात्र मी पाहिला नव्हता. वेधशाळेचा फोन, तो पण जुना, वळ्यावळ्यांच्या वायरचा. टेकडीवर मोबाइल लागत नाही.

“अगं मग त्याचा घरचा नंबर माग! फोटो माग!” बहीण म्हणायची.

“कशाला? कामापुरता माणूस आहे.”

“हो का? मग कामापुरत्या माणसाशी बोलायला जाताना केस कशाला विंचरतेस? फोनमधून दिसतात?”

खरंच विंचरत होते.

मागायला तोंड नव्हतं असं नाही. पण बाई गं, मागितलं आणि तो क्षणभर जरी अडखळला असता, तर दुसऱ्या दिवशी ‘सपाट’ म्हणायला मी कुठल्या तोंडाने फोन उचलला असता? आहे ते तरी राहू दे, असं वाटायचं. कामाच्या आडून बोलायचं, रोजचं, हक्काचं. फक्त ते किती दिवस टिकणार ते त्या ताऱ्याच्या हातात होतं. खड्डा सापडला की पुढचं सगळं मोठ्या दुर्बिणींकडे जाणार. आमच्यासारख्या चिल्लर दुर्बिणींना दुसरं काम, आमची जोडी मोडली, फोन बंद. त्यामुळे माझी पंचाईत बघा. थोरल्या बाई समोर आल्या की मनापासून वाटायचं, देवा, या बाईला तिचा ग्रह दे. आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की वाटायचं, आज नको. आजचा दिवस सपाट जाऊ दे.

त्या संध्याकाळी मी घुमट उघडायच्या आधी फोन वाजला. त्याच्याकडे उजाडत होतं.

“सपाट,” तो म्हणाला. जरा घाईनेच.

“बरं.”

एरवी तो मग थंडीबद्दल सांगतो, नाहीतर चहाबद्दल. आज म्हणाला, “तुम्ही आज काय घातलंय?”

असलं काही त्याने आजवर विचारलं नव्हतं. “राखाडी स्वेटर,” मी म्हटलं. “जुना आहे. कोपराला भोक पडलंय.”

“कुठल्या कोपराला?”

“डाव्या. का हो?”

“काही नाही. असंच.”

बाहेर उजेड उतरत होता, मला घुमट उघडायचा होता, दुर्बीण ताऱ्यावर आणायची होती, आणि मी रिसीव्हर कानाला लावून त्याचा श्वास ऐकत उभी. “ठेवू?” मी विचारलं. “थोडं थांबा,” तो म्हणाला. मग त्यानेच ठेवला. वय काय माझं, आणि सोळा वर्षांच्या पोरीसारखी त्या संध्याकाळी मी एकटीच हसत होते.

सकाळी रेघ काढली. सपाट. पट्टीने आखावी तशी. मी ‘हुश्श’ केलं, खोटं कशाला सांगू. मग रोजच्या सवयीने ती आदल्या रात्रीच्या रेघेशेजारी ठेवली. सपाट होती, पण अख्खी रेघच खाली होती. शेजारच्या ताऱ्यांचा उजेड पुन्हा मोजला, ते सगळे जिथल्या तिथे. आमचा ताराच तेवढा मंद झालेला, रात्रभर. म्हणजे मी खड्ड्याच्या तळाशी बसून होते. आणि तळाशी बसून होते, तर काठावरून खाली उतरताना कुणी पाहिलं?

त्याने पाठवलेले फोटो मी कधी मोजत नाही. तो सांगतो, मी मानते. त्या दिवशी मोजले. त्याच्या मध्यरात्रीपर्यंत रेघ सरळ होती, आणि तिथून उतार लागला होता, नीट, हळूहळू, आंधळ्यालाही दिसावा असा. हा माणूस अर्धं आयुष्य रेघा बघत आलाय. त्याला दिसला नाही? शक्यच नाही. त्याने पाहिला, आणि मला सांगितलं, सपाट. वर स्वेटरचं भोक विचारत बसला!

फोन वाजला तेव्हा खिडकीबाहेर तांबडं फुटलं होतं.

“काय?” तो म्हणाला.

“तुम्हीच सांगा काय ते.”

मग मीच सांगितलं.

“तुमचे फोटो मोजले मी. माझी रेघ रात्रभर सपाट आहे, पण तळाशी सपाट आहे. आणि तळाशी जाताना तुम्ही पाहिलंत.”

“हो.”

नुसतं हो! माझं टाळकंच सरकलं. “अहो, जनाची नाही तर मनाची तरी! ती बाई तरुणपणापासून या एका दिवसाकडे डोळे लावून बसलीय, आणि तुम्ही खुशाल सपाट म्हणता? मी पण तशीच झोपेत सपाट म्हटलं असतं तर? समोर असतात ना, तर हा रिसीव्हर फेकून मारला असता!”

“मारा,” तो म्हणाला. आवाज पार बसला होता. “मला एक फोन जास्त हवा होता. एकच. खड्डा म्हटलं असतं तर तुम्ही तडक बाईंकडे पळाला असतात. पळायलाच हवं होतं. मग सगळी धावपळ, मग मोठ्या दुर्बिणींची माणसं, आणि आपलं बोलणं तिथेच संपलं असतं, मधेच. आज पहिलं वाक्य तेच बोलणार होतो. कालपासून घशाखाली घास उतरला नाही माझ्या.”

चिडले तर मी होतेच. पण चिडायला लागणारं बळ कुठून आणू? खड्डा त्याच्या रात्रीत सुरू झाला, माझ्या रात्रीत झाला नाही, आमच्या दोघांत फरक तो एवढाच. माझ्या रात्रीत झाला असता तर मी काय म्हटलं असतं ते देव जाणे. माझ्यासाठी आजवर कुणी साधा रस्ता बदलून आलं नव्हतं, आणि या माणसाने माझ्याशी एकदा बोलायला मिळावं म्हणून अख्खा ग्रह दिवसभर दडवून ठेवला होता. इतकं वाईट काम, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागलेल्या.

तेवढ्यात दार ढकलून थोरल्या बाई आत आल्या. रोज येतात, थर्मास घेऊन, आणि रोज ‘सपाट?’ विचारतात, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं. आज त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि विचारलंच नाही.

“खड्डा,” मी म्हटलं.

त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. थर्मास खाली ठेवला, खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही रात्रींच्या रेघा हातात घेतल्या आणि उतारावरून बोट फिरवत राहिल्या. “मी त्यांना सांगत होते गं,” एवढंच म्हणाल्या. कुणाला ते विचारायची गरज नव्हती. मग त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले, पुन्हा चष्मा लावला, आणि त्या बाईंची नजर कशी पक्की आहे बघा, “हा उतार तर त्याच्या रात्रीतला आहे. काल का नाही सांगितलं त्याने?” म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. मला एकीकडचंच ऐकू येत होतं. “हो, मीच... अच्छा... मुद्दाम?... का?” मग खूप वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. ऐकता ऐकता एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विंचरलेल्या केसांपासून पायातल्या चपलांपर्यंत. “बरं. फोटो सगळे आहेत ना? मग ग्रह कुठे पळून गेला नाही. आज रात्री तारा खड्ड्यातून वर येईल, तो तुमच्याकडेच. पापणी लवू देऊ नका. घुमट उघडा, जा.” आणि खाडकन फोन ठेवला.

“चिडलात का?” मी विचारलं.

“चिडणार आहे. दोघांवर. पण आज मला वेळ नाही.” रेघा छातीशी धरून त्या दारापर्यंत गेल्या. तिथून अगदी सहज म्हणाल्या, “उद्यापासून मोठ्या दुर्बिणीवाल्यांशी मीच बोलेन. तुमचे ते सकाळ-संध्याकाळचे फोन आता नकोत. सुटलात.”

दार बंद झालं. खोलीत मी, थर्मास आणि फोन. बाहेर चांगलं उजाडलं होतं. जिन्यावर बाई कुणाला तरी हाका मारत होत्या, हसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना मी असं हसताना ऐकलं नव्हतं, आणि मला त्याचा खरंच आनंद होत होता, आणि छातीत असं काही रिकामं रिकामं झालं होतं की बसवेना. संपलं म्हणे. सुटलात म्हणे. आज मावळताना मी घुमट उघडेन, आणि फोन वाजणार नाही. उद्याही नाही. पुढच्या वेळी वाजेल तो अकरा वर्षांनी, आणि तेव्हा आमच्यापैकी कोण कुठे असेल?

मी आजवर त्याला एकदाही फोन लावला नव्हता. दोन्ही वेळा तोच लावायचा. नंबर भिंतीवर टाचणीने लावलेला होता, अडीअडचणीसाठी. बोट दोनदा चुकलं. घंटा वाजत राहिली. तो घुमटापाशी गेला असणार, तिथून खोलीत यायला वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी घंटा मोजत होते.

तो धापा टाकत आला. “काय झालं? माझं काही चुकलं का मोजण्यात?”

“नाही.”

“बाई काही म्हणाल्या?”

“नाही हो. कामाचं काहीच नाही.”

त्याला कळेना. मागे घुमटाची मोटर घरघरत होती. “मग?” त्याने हळूच विचारलं.

“मला तुमची आठवण येत होती.”

मोटर बंद झाली. पलीकडे सगळं शांत झालं, त्याच्याकडची अख्खी संध्याकाळ त्या वायरीतून माझ्या कानाशी आली.

“आत्ताच तर बोललो आपण,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “ठेवल्याबरोबर यायला लागली.”