तीनवर उभा राहिलेला काटा

नाथाजी हवालदारांच्या जीपमधले सगळे मीटर त्यांच्याआधीच निवृत्त झाले होते. ऑइलच्या दाबाचा काटा तर चाळीसवर असा अडकला होता की इंजिन बंद असलं तरी चाळीसच दाखवायचा. लष्कराच्या लिलावात घेतलेली ती जुनी जीप. फौजेत उभी हयात अशाच गाड्या चालवलेल्या नाथाजींचं काट्यांवाचून काही अडत नव्हतं. इंजिनाला कुठं काय दुखतंय ते त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

पण गेली दोन वर्षं तो आवाजच येईनासा झाला होता. दोष जीपचा नव्हता, कानांचा होता. हे नाथाजींनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांवरून जमेल तेवढं ओळखायचं, नाहीतर मान डोलवायची आणि हसायचं, एवढ्यावर त्यांनी दिवस रेटले. वडूजच्या बाजारात लोक म्हणायचे, हवालदार अलीकडं लय मवाळ झाले. कसले मवाळ! जीपची चावी हातातून जाईल या भीतीनं माणूस आतून पोखरला होता.

त्यात थोरली लेक दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मूल पायाळू दिसतंय, कळा सुरू झाल्या की सरळ मिरजेला आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगा साईराज फौजेत, पार काश्मिरात. "माझ्या लेकीला मीच नेनार," असं नाथाजी आळीभर सांगून बसले होते. सांगितलं खरं, पण रात्री डोळ्याला डोळा लागेना. वाटेत इंजिनानं दगा दिला तर कळणार कसं? ऐकू येत नाही तर निदान दिसावं, म्हणून त्यांनी नवे मीटर मागवले.

आप्पासो मेस्त्रीनं ते अंगणातच बसवले. इंजिन चालू केलं तसे काटे टुणकन उठले. नाथाजींचा जीव भांड्यात पडतोय तोवर बायको विजयमालाबाई घरातून पळत आल्या आणि त्यांनी जीपमध्ये बोचकं टाकलं. त्यांचा चेहरा बघूनच नाथाजी समजले, कळा सुरू झाल्या. दीपमालाला मागं बसवलं. आप्पासो वाकून काहीतरी सांगत होता. नाथाजींनी नेहमीसारखी मान डोलावली आणि गिअर टाकला.

मायणी मागं पडेपर्यंत त्यांचं लक्ष खड्ड्यांवर होतं. पुढं जरा बरा रस्ता लागला आणि त्यांची नजर डॅशबोर्डवर गेली. ऑइलचा काटा तीनवर. चाळीस हवा तिथं तीन! तेलाचा काटा पडला की त्या क्षणी इंजिन बंद करायचं, हे फौजेनं हाडात भिनवलेलं. नाथाजींनी खटकन चावी फिरवली. जीप उघड्या माळावर थांबली.

मागच्या सीटवर दीपमाला कण्हत होती.

"आवं, थांबला का?" विजयमालाबाई ओरडल्या.

नाथाजी खाली उतरले. बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काठोकाठ. मग दाब गेला कुठं? इंजिन परत चालू करून ते नुसतेच बघत राहिले. आत खडखड होतेय का नाही, काही कळेना.  शेवटी बायकोच्या ओठांकडं बघत त्यांनी विचारलं, "अगं, इंजिनाचा आवाज कसा येतोय?"

"आवाज? रोजच्यासारखा की!"

"खडखड न्हाई ना?"

"न्हाई. पर झालंय काय?"

"काटा तीनवर आलाय."

"मग? आप्पासो म्हनला न्हाई का, ह्यो मीटर किलोत हाय, पौंडात न्हाई, तीन म्हंजी तुमचं जुनं चाळीसच, झ्याक? तुमी तर मान डोलावली."

 विजयमालाबाईंनी त्यांच्याकडं एकदाच नीट बघितलं. मग लेकीला मागं आडवं निजवलं आणि त्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "चला. मागनं हॉर्न वाजला की मी मांडीवर थाप मारीन."

विटा, तासगाव, मिरज. किती थापा बसल्या ते त्या मांडीलाच ठाऊक.

दवाखान्यात दीपमालाला आत नेलं. नाथाजी बाहेरच्या बोळात येरझारा घालत राहिले. त्या माळावर लेक कण्हत असताना आपण चांगली गाडी बंद करून उभे होतो, हे त्यांना सोसत नव्हतं. एकदम बाकावरच्या बायका उठल्या. विजयमालाबाईंनी हात जोडले. दार तर बंदच होतं.

"काय झालं?"

"रडलं की!"

नाथाजींनी दाराला कान लावला. काहीच नाही. पहिलं नातवंड पलीकडं रडत होतं आणि त्यांच्या कानात नुसती शांतता.

"मला न्हाई येत गं ऐकू," ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की बोळातल्या सगळ्या माना वळल्या. "दोन वर्सं झाली. कायबी येत न्हाई."

"आज कळलं मला," विजयमालाबाई म्हणाल्या. पण दाराकडं तोंड केलेल्या नाथाजींना ते ऐकू गेलं नाही.

"कसं रडतंय?"

चार माणसांत कधी आवाज न चढवलेली ती बाई. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि त्या भरल्या बोळात जिवाच्या आकांतानं रडून दाखवलं, "ट्यॅहँऽ! ट्यॅहँऽ!"

"आलं," नाथाजी म्हणाले, आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडले.