आता समोरचा बोल्ट

मी स्टेपनी बोलतेय. हो, गाडीच्या पाठीला टांगलेलं ते जादाचं चाक. जमिनीला कधी टेकत नाही आणि कुणाच्या डोळ्यांतही भरत नाही. लोक एखाद्याला चिडवायला माझं नाव वापरतात, तेही मी मुकाट्याने ऐकून घेते. पण मी साधीसुधी स्टेपनी नाही बरं का! मी बीडलॉक आहे.

म्हणजे काय, ते सांगते. साध्या चाकात टायरला जागेवर धरून ठेवते ती आतली हवा. वाळूत जायचं तर ही हवा कमी करावी लागते. मग टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण हवा फारच कमी केली आणि वळताना झटका दिला, की टायरची कड रिमवरून सुटते आणि गाडी मटकन खाली बसते. माझ्यासारख्या चाकाला बाहेरून एक जाड कडं असतं. टायरची कड त्या कड्याखाली दाबायची आणि भोवतीने बोल्ट आवळायचे. मग हवा अगदी नावापुरती उरली तरी टायर जागचा हलत नाही. एकदा धरलं की सोडायचं नाही, एवढंच मला येतं.

आम्ही पाच बहिणी. चौघी गाडीखाली आणि मी मागच्या दारावर. आम्हाला विकत घेतलं ते एका चष्म्याच्या दुकानदाराने. घरात त्यांना सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणते.

टायरवाला माणूस सरळ होता. दुकानात त्याने बाबांना विचारलं, "साहेब, तुम्ही दगडांवर चढणार आहात का? शर्यतीत उतरणार आहात?"

"छे हो. वाळूच्या टेकड्यांपलीकडे एक तळं आहे, तिथवर जायचंय."

"मग कशाला हे? मी विकणारा, तरी सांगतो, साध्या चाकांवर होईल तुमचं काम. हवा जरा बेताने सोडा आणि वळण सावकाश घ्या. यांचं वजन जास्त, यांचे बोल्ट सारखे तपासायचे, नसती उठाठेव!"

बाबा म्हणाले, "मागच्या वेळी लेक शेजारी बसली होती हो. आणि टायर निघाला. तळं एकाच टेकडीपलीकडे राहिलं होतं, तिथून परत यावं लागलं."

त्यावर टायरवाला उठला आणि आम्हाला गाडीत चढवू लागला.

लेकीचं घरातलं नाव भिंगरी. एका जागी म्हणून बसायची नाही. लहानपणापासून जीपमध्ये बाबांच्या शेजारची जागा तिची. आई कधी चुकून तिथे बसली तर हिचं तोंड फुगायचं. त्या फसलेल्या फेरीनंतर बापलेकीचं ठरलं होतं, की तळं बघायचं ते दोघांनी मिळूनच. एकट्याने जायचं नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा आईने कपाळाला हात लावला. "एक गाडी होती तेवढी पुरे नव्हती? आता पाच सवती आणल्यात!"

पण मला तो दिवस फार आवडतो. अंगणात चटई घालून दोघांनी आमचे बोल्ट आवळले. बोल्ट ओळीने आवळायचे नसतात. एक आवळला की बरोबर त्याच्या समोरचा घ्यायचा, म्हणजे कडं सगळीकडून सारखं बसतं. बाबा हाकारायचे, "आता समोरचा!" आणि भिंगरी पाना फिरवायची. तो पानाही खास होता. हवा तेवढा घट्टपणा आला की तो 'टक्' असा आवाज करायचा आणि मग हात थांबवायचा. घरात त्याचं नावच टकपाना. शेवटी तिने बारीक ब्रशने प्रत्येक बोल्टवरून कड्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढली. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. माझ्यावर रेघ ओढताना ती म्हणाली, "बाबा, ही तर कधी लागणारच नाही."

"लागली तर? तिला का वगळायचं?" बाबा म्हणाले. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

आणि महिनाभरातच भिंगरीला दूरच्या शहरात नोकरी लागली.

तिला आगगाडीवर सोडायला आम्हीच गेलो. स्टेशनाबाहेर ती जीपच्या मागे आली, माझ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "लक्ष ठेव गं यांच्यावर." मग बाबांनी जीप वळवली. ते पुढे बघून चालवत होते. मी मागे तोंड करून असते, माझ्या नशिबात सोडून आलेलंच बघणं. ती हात हलवत होती. बाबांना ते दिसलं नाही, मला दिसलं. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण चाकाला कुठली वाचा!

सामान आवरताना टकपाना तिच्या पेटीत गेला. चुकून नाही, तिने मुद्दाम नेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी हत्यारांचा डबा उघडला, बराच वेळ उकरला आणि बंद केला. फोनवर त्याचा विषय त्यांनी काढला नाही.

"पुढच्या सुट्टीत नक्की," भिंगरी म्हणायची. मग सुट्टी रद्द व्हायची, नाहीतर ती आजारी पडायची, नाहीतर आईला बरं नसायचं. जीप शेडमध्ये उभी राहायची ती पाठ भिंतीला लावून. म्हणजे माझं तोंड भिंतीला. त्या भिंतीला एक ओल होती. ती वाढत वाढत खाली कशी आली, हे मी बघितलंय. दुसरं बघायला होतं तरी काय? मला वाळूची ओढ लागली होती. टेकण्याची, दबण्याची, कुणाचा तरी भार घेण्याची. फार काही मागत नव्हते मी.

रविवारी दुकान बंद. चहा झाला की बाबा शेडमध्ये यायचे, साधा पाना घ्यायचे आणि बहिणींचे बोल्ट तपासायचे. मला ते दिसायचं नाही, ऐकू मात्र यायचं. "हा घट्ट आहे... असू दे, अजून थोडा... आता समोरचा." हाकारणारेही तेच आणि आवळणारेही तेच. माझ्यापर्यंत मात्र त्यांचा हात पोहोचत नव्हता, मध्ये भिंत होती. मी मनातल्या मनात किती चिडायचे! बहिणींना लाड आणि मला ओल.

मग बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, की गाडी स्वतः चालवायची नाही आणि खडबडीत रस्त्यावरून जायचंच झालं तर एखाद्या वेळी, नंतर तेही नाही. त्या संध्याकाळी आईने भिंगरीला फोन केला. नेहमीसारखी आडवळणाने बोलली नाही. "तळं बघायचं असेल तर आता ये," एवढंच म्हणाली.

भिंगरी आली. आल्या आल्या तिने जीप शेडबाहेर काढली, आणि मला कितीतरी दिवसांनी ऊन दिसलं. ती खाली वाकली. मग बराच वेळ उठलीच नाही.

"बाबा, हे काय हो?"

प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रेघांचा पंखा झाला होता. दर वेळी बोल्ट थोडा पुढे सरकायचा, जुनी रेघ तुटायची आणि बाबा नवी ओढायचे. असं होता होता कुणाचे आटे गेले होते, कुणाची डोकी तुटून कड्यातच बसली होती. माझ्या चारही बहिणी कामातून गेल्या होत्या.

"घट्ट केलेत," बाबा म्हणाले. "तू आलीस की लगेच निघता यावं म्हणून."

"दर रविवारी?"

"रविवारी दुकान बंद असतं."

भिंगरीने पिशवीतून टकपाना काढला. तिने तो बरोबर आणला होता. "हा माझ्याकडे होता. मागितला का नाहीत?"

बाबा पायरीवर बसले, कमरेला हात लावून. "मागितला असता तर तू पाठवून दिला असतास."

आई दारात उभी होती. ती आत निघून गेली. भिंगरी चाकांमधून फिरत माझ्यापाशी आली. माझ्या प्रत्येक बोल्टवर एकच रेघ होती, तिने ओढलेली, अजून अखंड. पाची जणींत मीच तेवढी धड होते. पण एका चाकावर कुठे गाडी चालते?

शेवटी जुनी साधी चाकं शोधली. परसात आईने त्यांच्यावर कुंड्या मांडल्या होत्या. "घ्या, माझी बागही घ्या," म्हणत तिने स्वतःच कुंड्या उतरवल्या. टायरवाल्याने बहिणींचे टायर काढून त्या साध्या चाकांवर चढवले. मी म्हटलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. भला माणूस.

निघालो. भिंगरी गाडी चालवत होती, बाबा तिच्या शेजारी, आई मागे उशा घेऊन. वाळू लागली तशी भिंगरीने बेताने हवा सोडली. वळणं सावकाश, झटका नाही, घाई नाही. मागे टांगलेली मी त्या साध्या चाकांचे ठसे बघत होते. टायरवाल्याचं खरं होतं. आमची गरज नव्हती. पहिल्यापासून नव्हती. मला रडू आलं असतं, येत असतं तर. त्या शेवटच्या टेकडीवर मी मनाशी म्हटलंही, एकदाच, एकच टायर सुटू दे आणि मला खाली उतरवा! पण आतून बाबांचा आवाज आला, "शाब्बास गं, अशीच." मग मी तसं मागणं सोडून दिलं.

गाडी थांबली. "अगंबाई!" आई म्हणाली. माझ्यासमोर फक्त वाळू होती. मी तळ्याकडे पाठ करून उभी होते. बाबांचा आवाज नव्हता आणि मला काही कळेना.

मग भिंगरीने गाडी वळवली, मागची बाजू पाण्याकडे केली, बाबांना उशीवर टेकून बसता यावं म्हणून. आणि मला तळं दिसलं. मातकट पाणी, काठाला थोडं गवत, चार पाखरं.

"एवढंसंच?" बाबा म्हणाले आणि इतके हसले, की आईला त्यांची पाठ धरावी लागली.

"या डबक्यासाठी माझ्या पाच सवती?" आई म्हणाली. भिंगरी हसत होती आणि डोळे पुसत होती. पाण्यात हात बुडवून तिने ते बाबांच्या गालांना लावले. मी जिथे टांगलेली असते तिथून आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं दिसत होतं.

जीप आता भिंगरीकडे असते. बाबांनीच दिली. निघालो त्या दिवशी ते फाटकाशी उभे होते, काठी टेकून. भिंगरी पुढे बघून चालवत होती. कोपरा येईपर्यंत ते हललेच नाहीत. ते मीच पाहिलं.

तुम्ही माझ्यासारखी चाकं घ्यावीत का, असं विचाराल तर खरं सांगते, दगडांवर रांगणार नसाल, शर्यतीत उतरणार नसाल, तर नका घेऊ. साध्या चाकांवर सावकाश जा. पण ज्याच्याबरोबर जायचं ठरवलंय त्याला फार ताटकळत ठेवू नका. आणि निघताना आरशात एकदा मागे बघा, एवढं माझं ऐका.

माझं काय, मी जमिनीला अजून टेकलेली नाही. वाळूची ओढ आहे ती आहेच. पण रविवारी भिंगरी खाली येते, टकपाना घेते आणि फोन माझ्या टायरवर ठेवते.

"बाबा, कुठून सुरू करू?"

"सगळ्यात वरचा घे," बाबा तिकडून म्हणतात. "जोर लावू नकोस हं, मी केलं तसं."

टक्. बोल्ट आधीच घट्ट असतो. पाना नुसता वाजतो, बोल्ट तसूभरही हलत नाही.

"वाजला. आता समोरचा."

टक्. असं करत ती सगळे बोल्ट संपवते. तिची पांढरी रेघ तशीच्या तशी असते, पहिल्या दिवशी ओढलेली.

"सैल झाला होता का गं एखादा?"

भिंगरी त्या अखंड रेघेवरून बोट फिरवते.

"हो बाबा. एक झाला होता थोडासा."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" बाबांचा आवाज एकदम खुलतो. "पुढच्या रविवारी परत बघू."