माहेरचं नाव

“बाई, सुनेचं माहेरचं नाव काय?”

शेषराव कंपाउंडरांनी हे विचारलं तशा रुक्मिणीबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. दवाखान्याच्या बाकावर त्यांची सून पाय लांब करून बसली होती. बोरीचा काटा मोडून पाय टम्म सुजलेला, अंगात ताप फणफणत होता. आणि हा बाबा नावं विचारत बसला होता.

“सांगतलं ना, अन्नपूर्णा!”

“ते लग्नातलं. त्याच्या आधीचं?”

“ते बुडालं भाऊ. ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिवलं, सारा गाव जेवला. आता जुनं काऊन उकरता? पोरीचा पाय सुजला, नाव नाही सुजलं!”

ओसरीवरच्या बाया फिसकन हसल्या.

शेषरावांना हसून घेण्याची सवय होती. माणूस मुळात तंद्रीतला. स्टोव्हवर सुया उकळत ठेवल्या की त्या घूं आवाजात ते उघड्या डोळ्यांनी कुठल्या कुठं जायचे. लोक म्हणत, कंपोंडर इथं हाय, पन जीव चिखलीच्या बाजारात फिरून राह्यला. गेल्या दोन वर्षांत त्यांनी हे नवं खूळ घेतलं होतं. लग्न झालेली बाई आली की माहेरचं नाव विचारायचं आणि तिच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहायचं. छापील कागदावर तशी जागा नव्हती. पट्टीनं रेघ मारून ती त्यांनीच केली होती.

बायांना आधी लाज वाटली, मग गोडी लागली. साठीची गोजरबाई तर नाव सांगून “किती सालानं तोंडात आलं व माय!” म्हणत खोकल्याचं औषध न घेताच घरी गेली. अशा दिवशी शेषरावांना संध्याकाळपर्यंत वाटत राही, की ओसरीवर परकर नेसलेल्या पोरी सागरगोटे खेळताहेत.

“शेषराव, पेनिसिलीन भरलं का?” आतून डॉक्टरांनी विचारलं. पुण्याहून नुकतेच आलेले, तरुण, कामाला चोख.

“साहेब, हिचा कागद कोरा हाय.”

“मग चांगलंच आहे की. पूर्वी काही त्रास नाही. द्या.”

शेषरावांचा हात सिरिंजकडे गेला नाही. डॉक्टरांचा शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता.

“दोन मिनिटं थांबा साहेब. हात जोडतो.”

ते सुनेपुढे उकिडवे बसले. “पोरी, सुई टोचल्यावर कधी दम लागला व्हता का तुले?”

“ठाव नाही दादा. लहान असन तवा.” तिनं सासूकडे पाहिलं, पदर ओठांवर धरला आणि हळूच म्हणाली, “कोकिळा. नदीपल्याडची.”

कपाटात गावागावाच्या कागदांची गाठोडी होती. नदीपलीकडच्या गावाची गाठ सुटेना, तेव्हा शेषरावांनी ती दातांनी सोडली. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती. हा कागद मुंबई राज्यातला, पिवळा पडलेला. कोकिळा, वय नऊ. वर लाल पेन्सिलीची फुली आणि खाली शेषरावांचंच अक्षर : पेनिसिलीन नको. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला.

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी आपली चिठ्ठी फाडली, दुसऱ्या गोळ्या लिहिल्या आणि काटा स्वतःच्या हातानं काढला.

“मंग आज माह्या सुनेले...” रुक्मिणीबाई सुनेजवळ जाऊन बसल्या, तिचा हात मांडीवर घेतला. “लिवा भाऊ. मोठ्या अक्षरात लिवा, कोकिळा.” मग म्हणाल्या, “अन् माह्यंबी लिवून घ्या. मी सत्यभामा व्हती.”

सासू-सुनेची बैलगाडी गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “शेषराव, हे तुम्हाला सुचलं कसं?”

“असंच साहेब.”

दुपारी दवाखाना रिकामा झाला. शेषरावांनी खणातून टाचणीनं जोडलेले दोन कागद काढले. एकावर मंजुळा, वय बारा, लाल फुली. दुसऱ्यावर शालू, वय एकोणीस, कागद कोरा. पोर एकच. दोन वर्षांपूर्वी, ऐन कापूस वेचणीत आली होती. “दुखन का हो दादा?” तिनं विचारलं होतं. “मुंगी चावल्यावानी,” म्हणून शेषरावांनी सुई दिली होती. पोर बाकावरून उठलीच नाही. जुना कागद आठव्या दिवशी सापडला. नंतर साऱ्या बायांची नावं त्यांनी लिहिली, या एका कागदावर मात्र हात चालला नव्हता.

सरकारी लाल-निळी पेन्सिल लाल बाजूनंच झिजली होती. त्यांनी तिला टोक केलं. कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, माहेरची मंजुळा. वर फुली काढली, ठळक, दोनदा गिरवून.

मग तो कागद त्यांनी खणात परत ठेवला नाही. तिच्या सासरच्या गावाचं गाठोडं सोडलं, चालत्याबोलत्या बायांच्या कागदांमध्ये तिच्या जागी लावला आणि गाठ मारली.

ओसरीवर ऊन आलं होतं. सुया उकळायची वेळ झाली म्हणून शेषराव स्टोव्हला पंप मारायला बसले.