केळ्यांच्या तासाची फाईल

मी एक जुनी निळी फाईल आहे, मित्रांनो, आणि फाईल म्हटलं की लगेच तोंड वाकडं करायचं नाही हं! माझ्या पोटात अख्खा वर्ग आहे.

लातूरला डी.एड. करताना अंबिकाताईंनी मला घेतलं. शिक्षकानं आपलं काम असं जमवून ठेवलं की मुलाखतीत नुसते मार्क नाही, शिकवणंही दिसतं, असं त्यांचे सर सांगत. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. पुढे ताई अर्धापूरजवळच्या शाळेत तासिकेवर लागल्या आणि मी गुबगुबीत होत गेले. केळ्यांच्या फण्या आणून त्यांनी भागाकार शिकवला. पहिला तास तर साफ फसला, कारण उत्तर निघायच्या आत पोरांनी गणितच खाऊन टाकलं! ताईंनी तेही खरंखरं लिहिलं, फोटोसकट. शाळेत पाहुणे आले की मला पुढे ठेवायचे. मी नुसती फुगून बसायची.

एकदा ताईंची होस्टेलची मैत्रीण रेणुका मला मागायला आली. मैत्रिणीला नोट्स नाही कसं म्हणायचं? तिनं मला झेरॉक्सच्या दुकानात नेऊन पानन्‌पान रंगीत काढून घेतलं. मला वाटलं, अभ्यासाला असेल.

मग नांदेडच्या एका शाळेत कायमची जागा निघाली. ताईंचे वडील महादेवप्पा यांनी बजावलं होतं, यंदा जमलं नाही तर आपल्या उदगीरच्या दुकानात बसायचं.

मुलाखतीच्या टेबलावर गेले, तर शेजारी हुबेहूब मीच! नाव तेवढं रेणुकाचं.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला चाळलं. "ही केळी सकाळीच बघितली आम्ही," त्या म्हणाल्या.

ताईंचा चेहरा उतरला. मैत्रिणीचं नाव काही त्यांनी घेतलं नाही. "मॅडम, ही पोरं माझी हायेत. कुणाबद्दल बी विचारा."

बाई थांबल्या. पण संस्थेच्या अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "बाहेर लई जण बसलेत."

मला मिटून परत दिलं. मला तोंड असतं ना, तर मी ओरडले असते.

दोन दिवसांनी रेणुकाचा फोन आला. "अंबे, झालं बघ माझं. रागावलीस का गं?" मग ती हळूच म्हणाली, "सोमवारी चौथीवर जायचंय. भागाकार हाय. मला तर काहीच सुचून न्हाई राहिलं."

ताईंनी मला जवळ ओढून केळ्यांचं पान उघडलं. मग म्हणाल्या, "वही घे. पोरांचं नुकसान नको." आणि सगळा तास त्यांनी समजावून सांगितला. फोन ठेवल्यावर मात्र मला छातीशी धरून रडल्या.

आता मी उदगीरच्या दुकानात, गुळाच्या ढेपांमागे असते. ताई गल्ल्यावर बसतात. मुंग्या माझ्या कडांवरून रांग धरून जातात.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी त्या मुलाखतीच्या टेबलामागे बसेल. तेव्हा माझ्यासारखी फाईल जपून उघडा. एका फोटोवर बोट ठेवा आणि समोरच्या बाईंना विचारा, "या पोरीचं नाव काय?" आणि त्यांचं सांगून होईपर्यंत घड्याळ बघू नका.